निधन वार्तेच्या चार ओळीत मावशी बसत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर, निधन वार्तामधे आमच्या भुसावळच्या मावशीची, म्हणजे आमच्या शेजारणीची, बातमी आली. फोटो आधार कार्डवरचा. वय 86, पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार, रेल्वेतले निवृत्त फिटर कै. अमुक यांच्या त्या पत्नी आणि फलाण्याच्या मातोश्री होत. झालं, संपली बातमी. बायकांची निधन वार्ता बघा कुठलीही, कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची सासू एवढंच असतं, बाई स्वतः काय करत होती ते कुठेच नाही. मावशीचं नाव मी पण लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे, पण ती काय होती ते लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

मावशी ख्रिस्ती. तिची आजी छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, लहानपणी मिशनच्या अनाथाश्रमात आली आणि तिथेच वाढली, तिथून हे घर ख्रिस्ती झालं. मावशी जन्मली तेव्हा जळगाव जिल्हा हे नाव पण नव्हतं, पूर्व खानदेश होता. माहेर चाळीसगावकडचं, बोलणं अस्सल अहिराणी, आमच्याकडे सगळी लेवा बोली आणि ही आपली दारात उभी राहून म्हणणार, बठ रे भो, च्या पीसन जाय. सातवी फायनल पास होती. मास्तरीणची नोकरी मिळत होती पण सासू अर्धांगवायूने पडलेली, मग कसली नोकरी. हे तिने आम्हाला कधी सांगितलं, तर म्हातारपणी, शेंगा फोडता फोडता, जसं काय दुसऱ्याच कोणाचं सांगत्येय.

ते लोक आमच्या शेजारी आले 1974 साली. रेल्वेचा तो मोठा संप झाला ना मे महिन्यात, 8 तारखेला सुरू झाला, वीस दिवस चालला, देशभर हजारो लोक जेलमधे गेले, त्यात काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, नोकरी गेली आणि नोकरी गेली म्हणजे क्वार्टरही गेलं. आमच्या वडिलांनी मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. आमच्या आजीला ते पसंत नव्हतं, ख्रिस्ती लोकं, मटण शिजवतील म्हणून कुरकुर, मावशीला चहा द्यायची तो कोपऱ्यातल्या वेगळ्या कपात. लपवून काय उपयोग, तेव्हा होतं तसं. मावशीला ते कळत होतं, ती चहा प्यायची आणि कप स्वतः विसळून ठेवायची. दहा वर्षांनी तीच आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कुशीवर वळवायला आमच्या आईच्या जोडीला मावशीच यायची. कपाचा विषय त्यानंतर घरात कोणी काढला नाही.

दोन घरांच्या मधे एकच भिंत, ती पण वर कौलापर्यंत पोचलेली नव्हती. मावशी पहाटे पाचला प्रार्थना करायची आणि मोठ्याने करायची, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला पाठ. प्रभू, ह्या महिन्याचं किराणाचं बिल कसं भागवू तूच बघ. प्रभू, धाकट्याला त्या पत्त्यांच्या अड्ड्यापासून दूर ठेव. धाकटा अड्ड्यावर जातो हे गल्लीत पहिल्यांदा कळलं ते असं. पुढे पुढे आमची पण नावं यायला लागली. मी बारावीला असताना रोज पहाटे देवाला माझ्या गणिताची आठवण करून दिली जायची आणि मी इकडे गोधडीत तोंड लपवून पडलेलो. तिची एक वही होती, डाव्या पानावर खर्चाचा हिशोब, दूध तेल रॉकेल, आणि उजव्या पानावर प्रार्थनेची नावं. बिल दिलं की डावीकडे टिक आणि काम झालं की उजवीकडे टिक. माझ्या नावापुढे टिक आहे, मी बघितलीय.

आता मुद्द्याचं. तुमच्या बातमीत दोन मुलं आली पण दोन पोरी आल्याच नाहीत. मावशीची जाऊ बाळंतपणात गेली, दीर पिऊन पिऊन दोन वर्षांत गेला, त्यांच्या दोन मुली मावशीने आणल्या. मोठी तेव्हा चौथीत होती, धाकटी अजून बोलत पण नव्हती. स्वतःची दोन, ह्या दोन, अर्धांगवायूची सासू, आणि पुढे वर नवऱ्याची नोकरी गेली. घर चाललं ते बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, आणि शिलाई मशीनवर. बिबडे ज्याने केलेत त्यालाच माहिती, ज्वारी भिजवा, कांडा, दळा, मग तीळ मिरची लसूण घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवा, तो हाटताना हात भरून येतात, आणि चटके बसत असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा. भुसावळचा मे महिना, 45-46 डिग्री, म्हणून पहाटे तीनला चूल पेटायची आणि सूर्य वर यायच्या आत खाटा भरलेल्या असायच्या. लेव्यांच्या घरात, मारवाड्यांच्या घरात, रेल्वेच्या साहेबांकडे, सगळीकडे मावशीचे बिबडे. आम्ही पोरं राखणीला, कावळे हाकलायचे आणि मजुरी म्हणून ओले बिबडे खायचे.

1976ला मोठ्या पुतणीला मिरजेला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली, मिरजेचं मिशन हॉस्पिटल तेव्हाही नावाजलेलं, आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती मुली तिथून नर्स होऊन आल्यात. पैसे नव्हते. मावशीने पाटल्या मोडल्या. रेल्वेचा पास पण गेलेला, त्यामुळे जन्म रेल्वेत गेलेल्या घरातल्या माणसाने पहिल्यांदा खिडकीवर लाइनीत उभं राहून तिकीट काढलं, भुसावळ ते पुणे, पुण्याहून मिरज. आणि त्याच वर्षी तिचा स्वतःचा मोठा मुलगा मॅट्रिक चांगल्या मार्काने पास झाला होता, त्याला कॉलेजला जायचं होतं. त्याला गॅरेजमधे लावलं. नातेवाईक म्हणाले अगं परक्याच्या पोरीसाठी पोटच्या पोराचं वाटोळं करते का. मावशी म्हणाली, परकी कशी, मनी पोर शे ती, म्हणजे माझी पोर आहे ती.

मला विचाराल तर ह्या निर्णयाचं मला आजही पूर्ण पटत नाही. मोठा आमचा दोस्त, त्याने ते मनात ठेवलं, बरीच वर्षं ठेवलं. 77ला जनता सरकार आलं, संपात काढलेल्यांना परत घेतलं, काका पण परत कामावर गेले, पण तोपर्यंत ह्याचं कॉलेजचं वय निघून गेलं होतं. मावशी काही देवी नव्हती हो. धाकट्यावर जीव जास्त, ते सगळ्यांना दिसायचं. सुनांना बोलायची, भाकरी जाड झाली म्हणून एकदा थोरल्या सुनेला पाहुण्यांसमोर बोलली तर ती सून सहा महिने माहेरी. मग मावशी स्वतः एसटीने गेली, तिथे काय बोलणं झालं ते काही बाहेर आलं नाही, पण सून परत आली आणि शेवटची तीन वर्षं त्याच सुनेने तिचं सगळं केलं, आंघोळ घालण्यापासून.

लोक श्रद्धांजलीच्या भाषणात म्हणतात कुटुंबासाठी झिजली. पण झिजण्याबरोबर निर्णय पण तीच घ्यायची हे कोणी सांगत नाही. कोणाला शिकवायचं, कोणाला थांबवायचं, काय मोडायचं, काय गहाण टाकायचं. चुकलं तर तिचंच चुकायचं.

आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, एक गोष्ट सांगतो. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. त्या दोन पोरींना माहेर म्हणजे ही काकूच. लग्नं झाल्यावर पण दरवर्षी आखाजीला मावशी त्यांना बोलवायची आणि मागच्या कडुनिंबाला झोका बांधायची, गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी तिथेच जमायच्या. चर्चमधल्या कोणीतरी टोकलं, हा आपला सण आहे का. मावशी म्हणाली, पोरी घरी येतात त्यात कोणाला काय अडचण. आमच्याकडे कानबाई, ही खानदेशातली देवी, बसायची तेव्हा मावशी गहू निवडायला यायची, प्रसादाचे रोट खायचा प्रश्नच नव्हता, ते भाऊबंदकीतच खातात, पण पूजेला हात जोडायची नाही आणि तसं सरळ सांगायची, मी नाही जोडत हो, माझा प्रभू वेगळा. आमची आई म्हणायची नको जोडू, गहू निवड. एवढ्यात मिटायचं. आणि नाताळात आमच्या घरी करंज्यांचं ताट यायचं, रात्री दोन वाजता कॅरोलवाले पेटी ढोलकी घेऊन आले की सगळ्या गल्लीची झोप मोडायची, कोणी कधी तक्रार केली नाही.

परवा माती दिली तेव्हा पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना झाली, आणि मोठा पुढे आला. पहिली मूठ मुलाने टाकायची असं सगळे धरून होते. त्याने मागे वळून मिरजेवाल्या बहिणीला हात धरून पुढे आणलं, ती पण आता साठीच्या पुढे, रिटायर्ड सिस्टर, तिला म्हणाला तू टाक पहिले. आम्ही बालपणापासूनचे दोस्त, त्याच्या मनात काय होतं ते मला माहिती, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागलो.

आणि साहेब, एक दुरुस्ती. तुमच्या बातमीत खाली छापलंय, गंधमुक्तीचा कार्यक्रम अमुक तारखेला. गंधमुक्ती हा मृत्यूनंतरचा हिंदू विधी, ख्रिस्ती घरात तो नसतो. पेपरात एक साचा असतो, नाव बदललं की झालं, हे समजतं आम्हाला, घरचे रागावलेले नाहीत, धाकटा तर हसला, म्हणाला आईने हे वाचून दाखवायला लावलं असतं दोनदा. पण काही लोक त्या तारखेला येतील म्हणून सांगतो, तसं काही नाही, चर्चमधे स्मरण प्रार्थना आहे, येत्या रविवारी सकाळच्या उपासनेनंतर, सगळ्यांनी यावं. एवढं जरूर छापा, आणि परिवारामधे दोन मुलांच्या आधी दोन मुली लिहा. पुतण्या नाही, मुली. हे थोरल्या मुलानेच सांगितलंय.

शेवटी एक सूचना. आठवड्यातून एक दिवस, भले आतल्या पानावर का होईना, अशा एका बाईबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लिहिलेलं दीडशे दोनशे शब्दात छापा, श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखे पैसे न घेता. मुलांना लिहायला सांगू नका, मुलं फक्त वात्सल्यमूर्ती लिहितात. शेजाऱ्याला विचारा, घरमालकाला विचारा, बिबडे विकत घेणाऱ्याला विचारा. जागा कमी असेल तर माझ्या ह्या पत्रातलं निम्मं कापा, माझं गणित कापा, करंज्या कापा. पाटल्यांचं आणि मिरजेचं तेवढं ठेवा.

कळावे.
आपला नेहमीचा वाचक,
भुसावळ