शेवटच्या नळाचं पाणी

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मी स्वारगेटला बसची वाट बघत उभा, त्यामुळे धड बोलणं झालंच नाही, म्हणून म्हटलं सगळं निवांत लिहूनच पाठवतो. तू विचारलंस की नवीन टाकी झाली, फिल्टर प्लांट दुरुस्त झाला, पाणी पण आधीपेक्षा जास्त येतं, मग कुंभारआळीत परत कावीळ कशी निघाली? अरे, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. कुंभारआळी लाईनच्या अगदी शेवटी आहे ना. आपण सगळे टाकीकडे बघत बसतो आणि आजार तर टाकी ते नळ या मधल्या पट्ट्यात होतो.

मी एवढी वर्षं पाईपलाईनच्या साईटवर काढली, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलंय. एक दिवसाआड तासभर पाणी सोडलं की उरलेला सगळा वेळ पाईप रिकामा. जुना जॉइंट, गंजलेलं कनेक्शन, बाजूने गटार वाहतंय, आणि पाईपमधलं प्रेशर गेलं की तो बाहेरचं पाणी आत ओढतो. त्यात आपली माणसं पाणी आलं रे आलं की थेट नळाला मोटर लावतात, म्हणजे ओढ अजून वाढली. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं पाणी गढूळ येतं बघ, आई नेहमी पहिली बादली झाडांना घालायची ते काही उगाच नव्हतं. पण दिसायला स्वच्छ झालं म्हणजे धोका टळला असं अजिबात समजू नकोस, कावीळीचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही.

आणि हिपॅटायटिस ईची कावीळ पाणी पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही, दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आज पेशंट सापडला तर पाणी बिघडलं होतं महिन्याभरापूर्वी. तोपर्यंत लिकेज काढून झालेलं असतं, सगळे म्हणतात आता तर टेस्ट ओके आहे, आणि विषय संपतो. १९५५-५६ ला दिल्लीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं, यमुनेतून जिथे पाणी उचलायचे तिथेच गटाराचं पाणी शिरलं. धोका लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवला, त्याने टायफॉइड आटोक्यात राहिला पण जवळपास २९ हजार लोकांना कावीळ झालीच. म्हणजे घाण आत आली तर नुसत्या पावडरवर भागत नाही. गरोदर बायकांना तर ही कावीळ जिवावर बेतते, म्हणून वहिनीचं पाणी आजपासून उकळूनच दे, बाकी काही करायच्या आधी हे.

पावडरचा विषय निघालाच आहे तर, तुमचा पाणी सोडणारा टीसीएलची, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी उघडी ठेवतो, मी दिवाळीत आलो होतो तेव्हा बघितलं. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग दोन डबे टाका नाहीतर चार, अंदाजपंचे काम. आणि टाकल्या टाकल्या पाणी सोडायचं नसतं, किमान अर्धा तास क्लोरीनला पाण्यात मुरू द्यावं लागतं. पाणी गढूळ असेल तर तो क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी, मग गाळ बसणं, मग फिल्टर, आणि क्लोरीन शेवटी. त्या माणसाला रागावू नकोस मात्र. त्याला कुणी कधी शिकवलं नाहीये, आणि पगार पण तीन-तीन महिने मिळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये इथे सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा माझी झोप उडाली होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला आधी जुलाब झाले, आठवड्याभराने पायातली ताकदच गेली, जिना चढता येईना. नंतर काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. मी त्याच आठवड्यात ओटी टेस्टचं किट आणलं, त्याचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पिवळ्या रंगावरून कळतं, आणि आमच्या सोसायटीच्या टाकीचं पाणी तपासलं, टँकरचं पाणी होतं. थेंब टाकले, रंगच आला नाही. पुण्यात राहून, बिल भरून, क्लोरीन शून्य! तो मुलगा बरा झाला, पण पुन्हा चालायला दोन महिने लागले.

आता तू विचारलेलं दुसरं, लहान गावात चोवीस तास पाणी जमेल का. जमतं रे. कराडजवळचं मलकापूर, पुणे-बेंगलोर हायवेवरच आहे, तीस हजारांच्या आसपास वस्ती, तिथे पंधरा-एक वर्षांपूर्वीच चोवीस तास योजना सुरू झाली. घरोघरी मीटर, जास्त वापर केला की दर चढत जातो, जॉइंट गळू नयेत म्हणून वितळवून जोडलेले पाईप. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटते माहितीये? पाईप कायम भरलेला राहतो. प्रेशर आतून बाहेर, मग गटार आत येणार कसं. आणि पाणी कधीही येतं म्हटल्यावर लोक पिंपं भरून ठेवत नाहीत, शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत. पिंपं नाहीत म्हणजे डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला जागा कमी. मीटर म्हटलं की आपल्याकडे लगेच भांडणं सुरू होतात, हे मला ठाऊक आहे, पण लोकांना तिथे घेऊन जा, एका दिवसाची ट्रीप आहे.

तोपर्यंत एवढंच कर. सकाळी पाणी सुटलं की टाकीपाशी नाही, कुंभारआळीतल्या शेवटच्या नळावर जा. पहिलं पाणी जाऊ दे, मग ओटीचे थेंब टाक. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तरी यायला हवा, म्हणजे फिकट पिवळा रंग. रंग आला नाही तर मागे मागे येत राहा, नळ बदलत बदलत, जिथे एकदम रंग दिसेल तिथून पुढे कुठेतरी लिकेज आहे असं धरून चाल. रोजची तारीख, वेळ नि आकडा वहीत लिही, सभेत बोलायला ती वही कामी येईल.

किट मी उद्या एसटीच्या पार्सलने पाठवतोय, दोन बाटल्या आहेत, उन्हात ठेवू नकोस. ते द्रावण विषारी असतं, तपासलेलं पाणी फेकून दे आणि बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नकोस. पहिला आकडा मला रात्रीच कळव.

तुझा,
बाळ्या