मंदी आणि दहा दिवसांचं दूध बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोल्हापूरला मंदी जाणवत नाही,’ हे वाक्य आपल्याकडं दर मंदीत ऐकू येतं. शिरोलीत औद्योगिक वसाहतीच्या जवळ माझं किराणा दुकान आहे. माझ्या उधारीच्या वहीत ती चांगली जाणवते.

२०१९ चंच बघा. त्या ऑगस्टात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घटली, आणि त्याच महिन्यात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. इथल्या बऱ्याच फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, वाहनांच्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) चालतात. ओटी (जादा तासांचं काम) आधीच बंद होती, मग पाळ्या कमी झाल्या, ठेकेदाराची पोरं घरी बसली. फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला असलेला माझा एक जुना गिऱ्हाईक, पगार झाला की खातं मिटवणारा. तो म्हणाला, “काका, आता दुधाचं बिल झालं की देतो.” तिथून पुढं त्याची बायकोच येऊ लागली, दर दहा दिवसांनी. दूध संस्थेत पेंडीचे पैसे कापून जे हातात येईल त्यातून थोडे मला. तेलाच्या डब्याऐवजी पाऊच, तोही एकच. पण खातं चालू राहिलं.

पगार महिन्याचा, ऊस वर्षाचा, दूध मात्र दहा दिवसांचं. १९६३ साली उभ्या राहिलेल्या ‘गोकुळ’ दूध संघानं ही सवय लावली नसती तर माझ्यासारख्यांची दुकानं तेव्हाच मिटली असती. पण दोन म्हशींचं शेणघाण, वैरण, धार सगळं त्या बाईच्या अंगावर, पहाटे चारपासून. शहर तगलं म्हणताना तिची मजुरी कुणी धरतं का? आणि ज्याला ना गाव ना म्हैस, तो खोली सोडून बिहारला परत गेला. तसली दोन खाती माझ्याकडं अजून उघडी आहेत. असो.

अडचण मंदीपेक्षा अडकलेल्या पैशाची जास्त आहे. लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. मोठे खरेदीदार थांबवतात, मग त्यांचं काम करून देणारा छोटा जॉबवर्कवाला पगार लांबवतो, कामगार माझी उधारी लांबवतो आणि मी लक्ष्मीपुरीतल्या होलसेलवाल्यापुढं हात जोडतो. थकलेल्या बिलाच्या तक्रारीसाठी त्याच कायद्यात परिषद आहे, मान्य. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे उद्यमनगरातला हेल्परसुद्धा सांगेल. थकवणाऱ्यांची यादी जिल्हा उद्योग केंद्रानंच दर तिमाहीला लावावी, म्हणजे तक्रारदाराचं नाव पुढं यायला नको.

आपला,
एक किराणा दुकानदार, शिरोली