शिक्षेच्या सुनावणीला वेळ हवा

एकाच कलमाखाली दोषी ठरलेल्यांना वेगवेगळ्या शिक्षा का, असा सवाल करणारा अग्रलेख वाचला. शिक्षेतील फरक हाच दोष आहे, हे मात्र पटत नाही; खरा दोष घाईचा आहे. दोषसिद्धीनंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे, ही १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२)मधील तरतूद तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. प्रत्यक्षात अनेकदा ‘वय कमी, आईवडील वृद्ध, पहिलाच गुन्हा’ एवढे नोंदवून त्याच दिवशी शिक्षा सुनावली जाते. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांचे अहवाल मागवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावले. दीर्घ मुदतीच्या कारावासाच्या खटल्यांतही असे अहवाल समोर आल्याखेरीज शिक्षा ठरवू नये.