माळ्यावरची कॅसेट

प्रिय दिग्या,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक. साखर आहे, गोळी आहे, पुढे चला.

पंधरवड्यापूर्वी धाकट्यानं गाडीत एक बाई लावली. बेट्टी लाव्हेट, डेट्रॉइटची सोल गायिका. आवाज विळीवर खोबरं खवल्यासारखा; तुला नाही आवडायचा, तुला घसा लख्ख लागतो. १९६२ साली सोळाव्या वर्षी पहिलीच रेकॉर्ड गाजली. दहा वर्षांनी अलाबामात, मसल शोल्सला जाऊन बाईनं अख्खा अल्बम गायला, आणि कंपनीनं तो कपाटात ठेवून दिला. २००० साली एका फ्रेंच संग्राहकानं बाहेर काढला. अठ्ठावीस वर्षं, दिग्या! तोवर बाई मिळेल त्या क्लबात गातच होती. मग २००७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याच मसल शोल्सला नवा अल्बम केला. एका गाण्यात तर स्वतःच्या वनवासाचाच हिशेब मांडलाय. आणि नाव काय, तर 'द सीन ऑफ द क्राइम'. गुन्हा घडला ती जागा.

पोरानं अर्थ सांगितला, मी म्हटलं गाडी बाजूला घे. त्याला वाटलं ॲसिडिटी.

तुझी ती गणपतीतली कॅसेट पुसली गेली नव्हती रे. आक्काच्या लग्नाची सनई तिच्यावर भरली, ही शुद्ध थाप. दुसऱ्या बाजूला मी होतो, आठवतंय? घरी दोन्ही बाजू लागोपाठ ऐकल्या नि ठरवलं, ही कुणाला ऐकवायची नाही. आठवड्यानं दिली असती, खरंच. पण तू गाणंच सोडलंस. मग द्यायला तोंड कुठलं?

परवा माळ्यावरून काढली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली. तुझी पट्टी काळी दोनच होती. मी उगाच इतकी वर्षं काळी एक म्हणून भांडलो. (मास्तरांची पेटी मात्र बेसूरच होती, हे मी सोडणार नाही.) मारव्याचा विलंबित संपता संपता माझ्या टेपचा पट्टा तुटला. बरंच झालं, पुढे ऐकवलं नसतं.

आता ती देऊन तुझं भलं करतोय की माझं ओझं उतरवतोय, हे काही कळत नाही. हिला विचारलं, तर म्हणाली, तेव्हा विचारायचं होतंत.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पेन्शनचे कागद हलले का? छोटीचे पेढे पोचले, झकास.

रविवारच्या पहिल्या एसटीनं येतोय. तुझा टेप चालतो का तेवढं बघून ठेव.

तुझा,
बाळ्या