अस्पेनची फांदी आणता येणार नाही, शुभा

सेंटेनियल, कोलोरॅडो
१२ ऑक्टोबर

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "येताना तुझ्या त्या पांढऱ्या खोडाच्या झाडाची फांदी घेऊन ये, मेणवलीच्या परसात लावू." मी नुसतं हं हं केलं. आमचं शेवटचं मोठं अस्पेन तोडून तेव्हा चारच दिवस झाले होते, मला बोलवेना. म्हणून हे पत्र.

२०१० साली आम्ही इथे घर घेतलं आणि त्याच सप्टेंबरात केनोशा पासला गेलो. दहा हजार फुटांवरची खिंड. अस्पेनच्या पिवळ्या पानांनी सगळा डोंगर हळदीने माखल्यासारखा. वारा म्हणावा असा नव्हता, तरी पान न् पान हलत होतं. मी डोळे मिटले आणि शाळेसमोरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसले, अगदी तीच सळसळ! एक पान तोडून देठ चिमटीत फिरवून बघितला, तर फिरेना. पट्टीसारखा चपटा, आणि तो चपटेपणाही पात्याला आडवा. त्यामुळे पान एका जागी ठरतच नाही. घरी येईपर्यंत मनाशी पक्कं झालं होतं, हे झाड दारात हवं.

पुढच्या वसंतात तीन रोपं आणली, पुरुषभर उंचीची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावीत म्हणून नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात लावली, गाडी लावायच्या काँक्रीटला लागून. सगळं चुकलं ते तिथेच. अस्पेन इथलंच झाड, पण डोंगरातलं. सात हजार फुटांच्या वर ते खरं सुखी. तिथे बर्फ हळूहळू वितळतं आणि मुळांना कितीतरी दिवस गार ओल मिळते. आमच्या शेजारचं डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर, आम्ही त्याहून जरासेच वर. माती चिकण आणि चुन्याची, बर्फ धरूनही वर्षाला जेमतेम पंधरा इंच पाणी, आणि जुलैत पारा पस्तिशी ओलांडतो. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. तुमच्या उसाला केवडा पडतो ना, तसंच. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. मग एका फेब्रुवारीत दुपारच्या उन्हाने तापलेली साल रात्रीच्या गारठ्याने उभी तडकली. त्या भेगेतून सायटोस्पोरा नावाची बुरशी शिरली. साल नारिंगी झाली, आत बसली, तिच्यातून पाणी झरायला लागलं. तिला औषध नाही. पहिलं झाड असं गेलं.

दुसऱ्यावर खवले कीड आली. कालवाच्या शिंपल्यांसारखे बारीक, राखाडी खवले, पांढऱ्या सालीवर इतके दाट की साल दिसेना. मी भांड्यांची प्लास्टिकची घासणी घेऊन शिडीवर चढले आणि हलक्या हाताने खोड पुसत राहिले, सलग तीन रविवार. जरा जोर लागला की वरचा पापुद्रा निघायचा आणि खाली हिरवंगार दिसायचं. या झाडाची सालही अन्न तयार करते गं, पानं झडलेली असतानासुद्धा. दुपारी हाताकडे बघितलं तर तळव्यांवर खडूसारखी पांढरी भुकटी. शाळेतली फळा पुसायची पाळी आठवली. झाड त्यानंतर चार वर्षं जगलं.

आणि मुनवे! केळीला फुटतात तसे अस्पेनच्या मुळांना फुटतात. हिरवळीत, गुलाबाच्या वाफ्यात, कुंपणाखालून शेजारच्या आजोबांच्या अंगणात. ते बिचारे दर शनिवारी कापायचे. शेवटचं झाड वाळायला लागलं तसे मुनवे दुपटीने आले. शेंड्याकडून मुळाला 'थांब' असा निरोप जात असतो, शेंडा मरायला लागला की तो निरोप थांबतो आणि मूळ सुटतं. शेजारच्या यूटा राज्यात फिशलेकच्या जंगलात पांडो म्हणून एक अस्पेन आहे. १०६ एकर, सुमारे ४७,००० खोडं, आणि सगळी मिळून एकच झाड. हे मी आधी वाचलं असतं तर दारात तीन खोडं उभी करून "माझी तीन झाडं" म्हटलं नसतं. अस्पेन म्हणजे मूळ. वर दिसतं ते त्याने पाठवलेलं.

इथे कुणी नवीन घर घेतलं आणि मला विचारलं, तर मी स्पष्ट सांगते, लावू नका. मैदानातल्या ओढ्याकाठी याचाच भाऊ कॉटनवुड आपणहून वाढतो, मोठी जागा असेल तर तो लावा. अस्पेन बघायला डोंगरात जा.

पण मला मात्र सोडवेना. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दोन मुनव्यांची नाळ कुदळीने तोडून ठेवली आणि या वसंतात ते उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत हलवले. बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्या चार बोटं पसरल्या, थंडीत कोरड पडली की महिन्यातून एकदा नळीने पाणी देणार, नोव्हेंबरात खोडाला कागद गुंडाळणार. आज ते कमरेएवढे आहेत. एकावर सात पिवळी पानं उरलीत, सकाळी मोजली.

आता तुझ्या फांदीचं. अस्पेनची फांदी खोचून सहसा जगत नाही. बी काही आठवड्यांत मरतं. विमानातून रोप असंच उचलून आणताही येत नाही. आणि सगळं जमवलं तरी त्याला कडक, लांब हिवाळा लागतो, तो वाईत कुठला आणणार? पण शुभा, आपल्याकडचं वाळुंज याच घराण्यातलं आहे! मेणवलीच्या घाटाच्या जरा खाली, कृष्णेच्या अगदी पाण्यात वाकलेलं एक होतं. लांबट पानं, खालून पांढुरकी. त्याच्या फांदीवर बसून तू चप्पल पाण्यात घालवली होतीस. ते अजून आहे का, बघशील? असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला हातभर फांदी तोडून विहिरीच्या पाटाशी खोच. ते पटकन रुजतं.

मी जानेवारीत येतेय. तोवर झाडाचा फोटो पाठव, आणि काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझी,
वासंती