सदाफुलीला पाणी बेताने घाला

महोदय,

पाणीटंचाईमुळे बागेचा नाद सोडणाऱ्यांनी सदाफुली एकदा लावून पाहावी. मूळची मादागास्करची ही बहुवर्षायू वनस्पती एकदा रुजली की कोरड्या मातीतही फुलत राहते. ती मरते ती बहुधा आपल्याच हातच्या जादा पाण्याने, कारण निचरा न होणाऱ्या कुंडीत तिची मुळे कुजतात. माझी पहिली दोन रोपे अशीच गेली. जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा पिवळसर होताच काढाव्यात, नाहीतर त्या उकलून आतले काळे बी सांडते. पेरताना ते मातीने हलकेच झाकावे. अंधारात ते अधिक चांगले उगवते. ऊन मात्र रोपाला भरपूर हवे. पाने विषारी असल्याने, मधुमेहावर ती चघळण्याचा घरगुती सल्ला कोणीही मानू नये.

– एक वाचक