पेटीची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी फोरमन होतो. निवृत्त होण्याआधीची ११ वर्षं तिथल्या प्रथमोपचार पेटीची किल्ली माझ्या कमरेला होती. हौस म्हणून नव्हे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४५व्या कलमात तसं लिहिलेलंच होतं: दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, ती सरकारमान्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात, आणि कामाच्या वेळेत तो माणूस हजर हवा. मी रजेवर गेलो की किल्ली दुसऱ्या प्रमाणपत्रवाल्याकडे सोपवून जायचो.

गेल्या पावसाळ्यात नातीच्या शाळेचे खो-खोचे सामने बघायला गेलो होतो. तिच्या संघातल्या एका मुलीनं खांबावर सूर मारला, हात निसटला आणि ती कोपरावर आपटली. सर धावले. "निखळलाय, बसवतो," म्हणाले, आणि मी रेषेबाहेरून ओरडेपर्यंत त्यांनी हाताला हिसका दिलासुद्धा. पोरीची किंकाळी अजून कानात आहे. मग मी पिशवीतल्या पेपरची (तुमच्याच) जाड घडी केली, हात होता तसाच ठेवून घडीचा आधार दिला आणि एका बाईंची ओढणी मागून तो गळ्यात अडकवला. बोटं गार पडलीत का, मनगटाला नाडी लागते का, एवढं बघितलं आणि रिक्षा बोलावली. एक्स-रेत कोपराच्या वर हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, अशा ठिकाणी ओढाताण केली तर शेजारची रक्तवाहिनी किंवा नस दुखावू शकते. नशीब, तसं झालं नाही.

सरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. माणूस सोन्यासारखा आहे. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री ९ पर्यंत बसून होता. बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) प्रथमोपचार होता म्हणाले, पण त्याला १८ वर्षं झाली आणि तोही लेखी पेपरापुरता. मानधनावर येणाऱ्या प्रशिक्षकांकडे तर कधी कधी तेवढंही नसतं; चांगले खेळलेले असतात, एवढंच. शाळेची पेटी ऑफिसच्या कपाटात, किल्ली क्लार्ककडे, आणि त्या दिवशी क्लार्क रजेवर. मैदानावर काय होतं, तर दुखण्याचा स्प्रे. नात म्हणते, "आजोबा, सर सगळ्यावर स्प्रेच मारतात."

हाड जुळतं. घोळणा फुटला की मान मागे टाकायला लावतात (पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा असतो), फिट आली की चप्पल हुंगवतात. यातून बहुतेक पोरं निभावून जातात. मला भीती वाटते ती मैदानात कोसळून श्वास थांबलेल्या पोराची. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला युरो फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला होता. तो वाचला, कारण त्याच्या छातीवर तिथेच, हिरवळीवर दाब द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे १०८ ची गाडी येते, पण गावाबाहेरच्या मैदानावर पोचेपर्यंत जी मिनिटं जातात ती सरांच्या हातात असतात. रक्तपुरवठा थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जायला हवी. हे वाचून येत नाही. आम्हाला पुतळ्यावर करायला लावायचे. दोन मिनिटांत घाम निघायचा, गुडघे भरून यायचे. आणि खरं सांगतो, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला गेलो की दर वेळी निम्मं विसरलेलं असायचं.

शालेय स्पर्धांना १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. मुलाची जन्मतारीख शाळेच्या नोंदीवरून तपासतात, ओळखपत्र बघतात. संघासोबत जो माणूस येतो त्याला छातीवर दाब देता येतो का, हे आमच्या मैदानावर कुणी विचारलं नाही. क्रीडा संचालनालयाला माझी विनंती एवढीच: प्रवेश अर्जात संघासोबत येणाऱ्या शिक्षकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या नावापुढे एक रकाना वाढवा, प्रथमोपचार प्रमाणपत्राची तारीख. तीन वर्षांपेक्षा जुनं चालणार नाही. सेंट जॉन अँब्युलन्स, रेडक्रॉस हे प्रशिक्षण देतातच.

सरांना हे बोललो तर ते म्हणाले, "काका, शिकायला मी एका पायावर तयार आहे. पण फी कोण भरणार, आणि सुट्टी कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. फी शाळेनं भरावी आणि ते दिवस कामाचे धरावेत. आम्हाला कारखान्यानं दोन्ही दिलं होतं, आणि आमचा मालक काही दानशूर म्हणून प्रसिद्ध नव्हता.

नव्या वर्षाचे अर्ज शाळा उघडल्यावर निघतील. त्याआधी रकाना छापून व्हावा.

आपला वाचक,
एक निवृत्त फोरमन, कोल्हापूर